जहाजाची बैठक

“बैठक झाली म्हंजे मोकळं झालं बघ,” मावशी खाली हॉलमध्ये आईला म्हणाली.

मी गच्चीवरच्या खोलीत होते. जिन्याचं दार उघडं असलं की खालचं बोलणं जसंच्या तसं वर येतं. माझ्या चिमटीत बोटभर लांबीची एक युद्धनौका उलटी धरलेली होती आणि तिच्या तळाला मी नुकताच गोंद लावला होता. क्षणभर मला खरंच वाटलं की मावशी याच नौकेबद्दल बोलतेय. आश्चर्य एवढंच वाटलं, की तिला कसं कळलं. ती सकाळच्या बसने पोखर्णीहून आली होती आणि अजून वर डोकावलीही नव्हती. पण म्हणत होती ते अगदी बरोबर होतं. या शेवटच्या जहाजाची बैठक झाली की ताईचा ताफा पुरा होणार होता.

मग आई म्हणाली, “रविवारीच करू म्हणायलेत. त्यांच्याकडून धा-बारा माणसं येतील.”

मी हातातल्या नौकेकडे बघितलं. गोंदावर साय धरली होती.

दोन्हीकडची पसंती झाली की मोठी माणसं एकत्र बसून लग्न कुठं, कधी, कसं करायचं ते ठरवतात, ती आमच्याकडची बैठक. आणि ताई आणि मी जहाज ज्या पातळ पट्टीवर चिकटवायचो, ज्या पट्टीवर त्याच्याभोवतीचा समुद्र करायचो, तिचंही नाव बैठक. मूर्तीला असते तशी. इंग्रजीत तिला बेस म्हणतात. ताई म्हणायची, बेस म्हटलं की नुसता तळ वाटतो, बैठक म्हटलं की जहाज पाण्यात नीट बसलंय असं वाटतं. आमच्या या उद्योगातली सगळी नावं तिनंच ठेवलेली. पातळ काळा रंग जहाजाच्या खाचाखोचांत उतरवतात, त्याला ती काजळ म्हणायची. “काजळ घातलंस का गं?” असं तिनं वरून विचारलं की आईला वाटायचं, पोरी कुठंतरी बाहेर निघाल्या.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना तिच्या कॉलेजातली काही मुलं हा खेळ खेळायची. महायुद्धातल्या जहाजांच्या छोट्या प्रतिकृती रंगवायच्या, जमिनीवर निळं कापड अंथरून समुद्र मांडायचा, टेपने मोजून जहाजं पुढे न्यायची आणि फासे टाकून तोफा डागायच्या. तिथं ती एकटीच मुलगी होती. ती आधी नुसती बघत बसायची, मग एकदा तिनं एक जहाज रंगवून दिलं आणि त्यानंतर सगळे आपापली जहाजं तिच्याकडे द्यायला लागले. हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. पुढे तिला तिथंच नोकरी लागली, आणि लॉकडाऊनमध्ये ती लॅपटॉप, दोन बॅगा आणि एक बुटांचं खोकं घेऊन परभणीला आली. खोक्यात कापसात गुंडाळलेली जहाजं होती. नंतर ऑफिस सुरू झालं तरी घरून काम करायची सवलत राहिली आणि ती इथंच राहिली. नवी जहाजं कुरिअरने यायची. कुणीतरी थ्रीडी प्रिंटरवर काढून पाठवायचं, राखाडी, बिनरंगाची, चिमणीच्या हाडांसारखी.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि कुणाशी फारसं बोलत नव्हते. अजूनही बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी बोलताना मराठी बाहेर येईल ही भीती आणि मराठी बोलताना चूक होईल ही. आकड्यांचं तर विचारूच नका. एकोणसाठ म्हणजे मला सिक्स्टी नाइन वाटायचं. मावशी पाहुण्यांसमोर मुद्दाम विचारायची, “एकोणऐंशी म्हंजे किती सांग बरं?” आणि मी आत निघून जायची. “लय हुशार हाय पोरगी, फक्त मोजता येत न्हाई,” असं ती मागून म्हणायची.

ताईनं यावर उपाय म्हणून खेळात नियम केला: अंतर मराठीतच सांगायचं. गच्चीवरच्या खोलीत फरशीवर निळं रेक्झिन अंथरलेलं, आईचा शिवणाचा टेप आमच्या मधे. एकदा मी विचारलं, तुझी मोठी नौका माझ्यापासून किती लांब आहे. तिनं मोजून सांगितलं, “एकोणसाठ.” मी मनातल्या मनात सिक्स्टी नाइन धरलं, अजून पुष्कळ जागा आहे असं समजून जोरात पुढे गेले आणि थेट तिच्या तोफांच्या तोंडी जाऊन उभी राहिले. ताई पोट धरून हसली. मग फासे टाकले आणि माझी सगळ्यात चांगली नौका बुडवली. मला तेव्हापासून एकोणसाठ म्हणजे किती हे कधीच विसरायला झालेलं नाही.

जहाजांची खरी नावं आमच्या आईला उच्चारता यायची नाहीत, म्हणून ताईनं त्यांना आपल्याकडची नावं दिली. मोठ्या नौका म्हणजे तालुके, जिंतूर, सेलू, गंगाखेड. लहान विनाशिका म्हणजे गावं, चारठाणा, झरी, पोखर्णी. पूर्णा हे मालवाहू जहाज, कारण तिथं रेल्वे. एका दुपारी मी जिन्यातून ओरडले, “ताई, पोखर्णी बुडाली!” आई पोळ्या टाकून बाहेर आली. तिनं मावशीला फोन लावलासुद्धा होता. “काय झालं गं? नदीला पाणी आलं का?” पलीकडून मावशी म्हणे, “इथं ऊन पडलंय रणरणतं, कुणाला पाणी आलं?” तेव्हापासून आईनं आमच्या खेळाला ‘गावं बुडवायचा धंदा’ असं नाव दिलं. रागानं नाही. ती वर चहा घेऊन यायची तेव्हा विचारायची, “आज कुठलं गाव?”

रंगवायला परभणीची हवा सोयीची नाही. उन्हाळ्यात रंग ब्रशवरच वाळतो. ताईनं जुन्या डब्याच्या झाकणात ओला फडका ठेवून त्यावर बटर पेपर पसरला होता, रंग त्याच्यावर काढायचा म्हणजे ओला राहतो. पहिला राखाडी हात फवाऱ्याने द्यायचा असतो, तो आम्ही दिवस उगवायच्या आत गच्चीवर द्यायचो, कारण ऊन तापलं की फवारा हवेतच वाळून जहाजावर रवा सांडल्यासारखा बसतो. तोफांचा धूर आणि पाण्यात गोळा पडल्यावर उसळणारे खांब कापसाचे. मावशी आईला वातींसाठी शेतातला कापूस आणून द्यायची, त्यातला निम्मा समुद्रात जायचा. डोलकाठ्यांमधल्या तारा केसांच्या. विंचरल्यावर निघालेलं गुंतवळ ताई टाकून देत नसे. त्यातला एखादा सरळ केस काढून, गोंदात ओढून ती तो दोन डोलकाठ्यांमध्ये ताणायची. त्या वेळी श्वास रोखलेला असायचा, तिचाही आणि माझाही.

समुद्राच्या रंगाची मात्र गंमत झाली. आम्ही दोघींनीही तोवर समुद्र पाहिला नव्हता. ताई पुण्यात इतकी वर्षं राहिली, पण कोकणात सहल गेली तेव्हा ती तापाने पडली होती. तिनं पहिल्या बैठका केल्या त्या मनातल्या पाण्याच्या. टिश्यू पेपर चुरगाळून गोंदाने बसवला की छान लाटा येतात, त्यावर तिनं रंग दिला तो गंगाखेडला पुलावरून दिसते त्या पाण्याचा, श्रावणातल्या गोदावरीचा. मातकट, थोडा हिरवा. त्यावर पांढऱ्या फेसाचे शिंतोडे. फोटो तिनं पुण्यातल्या खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला; तो ग्रुप ताईनंच सुरू केलेला आणि त्यात मीही होते. कुणीतरी लिहिलं, “तुमचा ताफा चहात बुडालाय का?” त्याखाली हसणारे चेहरे. मला इतकं लागलं की मी ताईला म्हटलं, सगळ्या बैठका परत निळ्या करू. ती म्हणाली, “कशाला? आपली जहाजं आपल्या पाण्यात.” पुढच्या बैठका तिनं थोड्या निळ्या केल्या, पण ते मातकटपण तिनं पूर्ण कधी काढलं नाही. ग्रुपवरही नंतर लोक विचारायला लागले, तो तुमचा चहाचा रंग कसा करता.

हे सगळं बाबांना फार आवडायचं. त्यांचं औषधांचं दुकान आहे आणि ते कमी बोलतात, तेव्हा आवडतं हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी हॉलमधल्या शोकेसचा मधला कप्पा रिकामा केला आणि तिथं ताईचा ताफा मांडायला लावला. दिवा बसवून घेतला.

मग ताईसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. पहिली मंडळी आली ती हॉलमध्येच बसली, शोकेससमोर. त्यांनी विचारलं, बाबांनी मोठ्या हौसेने सांगितलं, आमच्या मोठीनं केलंय. त्यांनी कौतुक केलं. “लय बारीक काम हाय,” असं मुलाचे वडील दोनदा म्हणाले. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, पण अजून खेळण्यात आहे. घर कधी करणार.

आईनं तो निरोप फोनवर ऐकला आणि तोच आम्हाला सांगितला, शब्दही न बदलता. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ कुकरची शिट्टी नीट बसवत राहिली.  ताईनं शोकेस उघडली, एकेक जहाज काढलं आणि ताटात ठेवून वर नेलं. तीन-चार फेऱ्या झाल्या. मी ताट धरायला गेले तर म्हणाली, “राहू दे, जमतंय.” त्या कप्प्यात आता काचेचे पेले आहेत. दिवा अजून लागतो.

त्यानंतर आलेलं हे सेलूचं स्थळ. मुलगा पुण्यात नोकरीला, साधा, हसतमुख. बघण्याच्या कार्यक्रमात कुणी आमच्या छंदाबिंदाचं काही विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. दोघं बाहेर जाऊन कॉफी पिऊन आले. ताई परत आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा होता. मला बरं वाटलं. मला वाटलं होतं, तिनं त्याला सांगितलं असेल.

रविवारी बैठक झाली. सकाळी ताई न्हाणीघरात बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातांना थिनरचा वास येत होता. नखांच्या कडेला कायम असायचा तो राखाडी रंग गेला होता आणि बोटं लाल झाली होती. खाली हॉलमध्ये पुरुष बसले. बायकांना आईनं आतल्या खोलीत बसवलं, पण तिथं पंखा हळू फिरतो, म्हणून मुलाची आत्या म्हणाली, “गच्ची हाय का हो तुमच्याकडं? चला जरा वाऱ्याला बसू.” आई थांबा म्हणायच्या आत त्या चढायलाही लागल्या.

मी खोलीतच होते. मला कुणी खाली बोलावलं नव्हतं, म्हणून त्या राहिलेल्या नौकेची बैठक करत बसले होते. फरशीवर रेक्झिन अंथरलेलं, सगळी जहाजं मांडलेली. आत्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे आणखी दोघी, आई, मावशी आणि साडीतली ताई.

“अगं बाई! हे काय मांडलंय?”

मी उभी राहिले. 

आत्या वाकून बघायला लागल्या. “बोटी हायत व्हय? अन् हा समुद्र? बघा बाई, इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई, अन् ह्या पोरीनं घरात समुद्र केलाय!”

सगळ्या हसल्या. खरं सांगायचं तर विनोद चांगला होता. मीही हसले असते.

“हिला बोटीवरचाच नवरा बघा आता,” मागची एक बाई म्हणाली. मावशी म्हणाली, “बोटीवरचा कशाला, धरणावरचा चौकीदार बघू, येलदरीचा.” पुन्हा हसणं. मग आत्यांनी मान वळवून ताईला विचारलं, अगदी सहज, “तू पन खेळतीस का गं हे?”

“छे हो आत्या,” ताई म्हणाली. “मला कुठं वेळ. हा हिचा नाद आहे, लहानपणापासून. मला त्यातलं काहीच कळत नाही.”

तिनं ते हसून म्हटलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी आईकडे बघितलं, आई रेक्झिनच्या कडेकडे बघत होती. मावशीचं तोंड अर्धं उघडं होतं, पण तीही काही बोलली नाही. ती मावशी, जिला मी आयुष्यात गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. पायाखाली जिंतूर होतं, सेलू होतं, चारठाणा होतं, त्यांच्या डोलकाठ्यांवर ताईचे केस ताणलेले होते, आणि मी एवढंच म्हणाले, “हो.”

संध्याकाळी मंडळी गेल्यावर ताई वर आली. साडी बदलली नव्हती. दारातच उभी राहिली, फरशीवर बसली नाही.

“रागावलीस?”

“नाही.”

“मागच्या वेळी काय झालं ते तुला माहीत आहे.”

“हो.”

“त्यांनी नोकरीला हो म्हटलंय. पुण्यात वेगळं राहायला हो म्हटलंय. एकेक गोष्ट मी मागून घेतेय गं. प्रत्येक वेळी सगळेजण माझ्या तोंडाकडे बघतात. काहीतरी एक सोडावं लागणारच होतं. मी हे सोडलं.”

मला विचारायचं होतं, ‘हे’ म्हणजे नक्की काय काय. मी विचारलं, “मग ती जहाजं?”

“तुझ्याकडे राहू देत. तुझीच म्हणायची आता.” थोडं थांबून ती म्हणाली, “आणि एवढं सांभाळ माझं. कुणी विचारलं तर.”

मी मान हलवली. मान हलवायला मला कधीच अडचण येत नाही.

लग्नापर्यंत ती वर आली नाही. साड्या, पत्रिका, पार्लर, तिला खरंच वेळ नव्हता. आमची एक लढाई अर्धी राहिली होती आणि तिची पाळी होती. मी काही दिवस तशीच ठेवली. जहाजांवर धूळ बसायला लागली, मग मऊ ब्रशने झटकली, जागा न हलवता. एका दुपारी मोबाईल वाजला. पुण्याच्या ग्रुपवर संदेश होता की आता मी ग्रुपची ॲडमिन झालेय. मला कळेना की असं कुणी केलं. तोवर खाली दुसरी ओळ आली, ताई ग्रुपमधून बाहेर पडली. लोकांनी विचारलं, काय झालं, नंबर बदलला का. मी खूप वेळ टाइप केलं, खोडलं. शेवटी ‘लग्न आहे’ असं लिहिलं. सगळ्यांनी फुलं आणि अभिनंदन पाठवलं. ताई तेव्हा खालच्याच मजल्यावर होती, ब्लाउजच्या मापासाठी हात वर करून उभी.

लग्न चांगलं झालं. निघताना ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, माझ्याही. तिच्या केसांत गजरे इतके होते की नेहमीचा वास कुठं सापडेना. मी रडले नाही, म्हणून मावशी म्हणाली, “ही बघ, दगड हाय दगड.” मला तेव्हाही ताईला ते सांगायचं होतं, की पाळी तुझी आहे. पण गाडी सुरू झाली होती आणि मागून लोक ढकलत होते.

नंतर ती लढाई मी एकटीने पुरी करायचा प्रयत्न केला. दोन्ही बाजू मीच. होत नाही ते. आपण कुठून येणार आहोत हे आपल्याला आधीच माहीत असतं. ताईच्या बाजूने खेळताना मी ती काय करेल असा विचार करायची, आणि ती काय करेल हे मला आता सांगता येत नव्हतं. फोनवर ती रोज बोलायची. भाजी काय केली, ऑफिसात काय झालं, सासूबाईंचे गुडघे. चांगलं बोलायची, जिव्हाळ्याने. एकदा मी म्हटलं, नवीन दोन विनाशिका आल्यात कुरिअरने. ती म्हणाली, “हो का? वा.” मागे दाजींचा आवाज येत होता. दाजी म्हणजे तिचा नवरा. मग ती म्हणाली, “बरं, आईला दे.”

त्या दोन विनाशिका मी एकटीने केल्या. राखाडी हात पहाटे गच्चीवर दिला. काजळ घातलं. बैठका कापल्या, कागद बसवला, पाणी केलं. तार ओढायला केस माझे वापरले, ते आखूड आहेत, पुरत नाहीत, दोनदा तुटले. कामाच्या नादात मी मनातल्या मनात एक वाक्य घोकायला लागले. ‘ही जहाजं ताईची आहेत. मला तिनं शिकवलं.’ कुणासमोर म्हणायचं हे ठरवलं नव्हतं. कधी आत्यांसमोर, कधी दाजींसमोर, कधी भरल्या हॉलमध्ये. आवाज किती ठेवायचा, कुठं थांबायचं, सगळं ठरवलं होतं. इंग्रजीतही म्हणून बघितलं, पण मराठीतच बरं वाटायचं. मला वाटायचं, मी हे एकदा म्हणाले की ताई परत येईल. सासर सोडून असं नाही. म्हणजे, माझ्याशी भाजीबद्दल बोलणारी ही जी ताई आहे, तिच्या आतून ती परत येईल.

दिवाळसणाला दोघं आले. पहिली दिवाळी, त्यामुळे आईला काय करू अन् काय नको झालं होतं. दाजी खरंच चांगले आहेत. बाबांबरोबर दुकानात जाऊन बसले, आईला फराळाचे डबे काढून दिले. पाडव्याच्या सकाळी ते गच्चीवर आले आणि खोलीच्या दाराशी थांबून म्हणाले, “येऊ का? तुझी जहाजं बघायची होती. आत्या अजून सांगत असते, घरात समुद्र मांडणारी पोरगी.”

मी बाजूला झाले. ते खाली बसले, मांडी घालून, सदरा चुरगळेल याची काळजी न करता. वाकून एका डोलकाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हा केस आहे?”

“हो.”

“कमाल आहे.” पुन्हा बघत राहिले. “मी लहान असताना थर्माकोलची विमानं करायचो. खोली भरली होती. दहावीला वडिलांनी सगळी उचलून दिली टाकून. मी हिला सांगितलं एकदा, तर नुसती हसली. तिला यातलं काही कळत नाही म्हणाली.” ते माझ्याकडे बघून हसले. “आमच्या घरी तू असायला पाहिजे होतीस.”

माझ्या घशाशी ते वाक्य आलं. इतकं जवळ की मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ताई जिन्यातून आली, हातात चकल्यांची ताटली. आम्हाला दोघांना तिथं बसलेलं बघून दारातच थांबली.

दाजींनी नव्या दोनांपैकी एक विनाशिका उचलून बघितली आणि अलगद फरशीवर ठेवली. ती ठेवल्या ठेवल्या डोलायला लागली. एक कोपरा वर, मग दुसरा. त्यांनी बोट लावलं, ती पुन्हा डोलली.

“ही का हलतेय? मी काही मोडलं नाही ना?”

मी वाकून बघायला लागले. खाली पट्टी कमानीसारखी वाकली होती. मला ते आधी लक्षात आलं नव्हतं.

“खालून पण रंग द्यायचा असतो,” ताई म्हणाली. “नुसता वरून गोंद-कागद लावला की वाळताना तो ओढतो अन् पट्टी वाकते. दोन्हीकडून ओढ सारखी पाहिजे. कागद लावायच्या आधी खाली एक जाड हात मारायचा, मग नाही...”

ती थांबली. एका दमात बोलली होती, तिच्या जुन्या आवाजात, मला इतक्या महिन्यांत न ऐकू आलेल्या. आणि तिचा हात ताटलीखालून निघून पुढे आला होता, ती विनाशिका घ्यायला.

दाजींनी वळून तिच्याकडे बघितलं. ते हसत होते, पण कपाळावर एक आठी आली होती. “तुला गं काय माहीत?”

ताईनं हात मागे घेतला. चकल्यांची ताटली दोन्ही हातांनी धरली. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग गेला होता. ती दाजींकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. गच्चीवरच्या तारेवर तिची नवी साडी वाळत होती, वाऱ्याने फडफडत होती, आणि खाली आई कुणाला तरी सांगत होती की जावई लय गुणाचा हाय.

माझं वाक्य पाठ होतं. आवाज किती ठेवायचा तेही ठरलेलं होतं.

“मीच सांगितलं होतं तिला, दाजी,” मी म्हणाले. “सगळी जहाजं माझीच आहेत.”